तारेचे माप

जुन्या नाशकातील वाडे रस्त्यावरून पाहिले की अरुंद वाटतात. पुढे जेमतेम दोन खणांचे दुकान, शेजारी बोळासारखा प्रवेश, वर सागवानी तुळयांवर पेललेले दोन मजले. आत शिरले की मात्र घर संपता संपत नाही. ओटी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि सर्वांत शेवटी परस. भांडी बाजारापासून गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत अशाच वाड्यात एका जैन व्यापारी कुटुंबाच्या तीन पिढ्या एकत्र नांदतात. पुढच्या दुकानात तांब्यापितळेची आणि स्टीलची भांडी आहेत, आजही तोलून विकली जाणारी. विजेचे मीटर दुकानाच्या भिंतीवर आहे आणि परस तेथून पुरते तीस मीटर मागे. या तीस मीटरांनी त्या घराला एका उन्हाळ्यात बराच विचार करायला लावला.

परसात पत्र्याची एक शेड आहे. दादाजींच्या वडिलांच्या काळात तेथे तांबट बसत. चेपलेली घागर ठोकून सरळ करणे, फुटलेल्या हंड्याला डाग देणे, कल्हई करणे ही कामे दुकानाच्याच आश्रयाने तेथे चालत. तांब्यापितळेची भांडी ही नाशिकची जुनी ओळख. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नाशिक खंडानेही येथील तांबटांची दखल घेतली आहे. पुढे स्टील आले, भाता थंडावला आणि शेडमध्ये रिकामी खोकी, मोडके तराजू, दिवाळीला लागणाऱ्या शिड्या अशी अडगळ साचली.

घरातील नातवाने मेकॅनिकलची पदविका घेतली आणि दुकानाच्या गादीवर त्याचे मन रमेना. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तो अवघडून जाई. उलट दुकानातले एखादे कपाट मोडले की तासन्‌तास त्यात हरवून जाई. केटरिंगवाल्यांना पातेल्यांखाली लागणारे लोखंडी स्टँड, मांडण्या, चाकांच्या गाड्या स्वतः बनवाव्यात, असे त्याच्या मनात आले. कल्पना वाईट नव्हती. भांडी घ्यायला येणारे गिऱ्हाईकच स्टँडही विचारत असे आणि दुकानदार त्याला सातपूरचा नाहीतर अंबडचा रस्ता दाखवीत असे. नातवाने साठवलेल्या पैशांतून दोनशे अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणले. आकाराने ते शिवणयंत्राच्या पेटीएवढे आणि वजनाला एका हाताने उचलण्याजोगे होते. एवढ्याशा पेटीला वेगळी तजवीज लागेल, हे कोणाच्याही मनात आले नाही.

पहिल्या दिवशी मशीनचा प्लग पडवीतल्या त्या सॉकेटमध्ये गेला, ज्यावर हिवाळ्यात गीझर चालतो. तेथून शेडपर्यंत तार पुरेना, म्हणून दुकानातली एक्स्टेन्शनची तार जोडली. जास्तीची तार वेटोळे करून कोपऱ्यात ठेवली. काम सुरू झाले. ठिणगी पेटली की माजघरातला दिवा क्षणभर मंद होई, याची मुलांना मोठी गंमत वाटली. तासाभराने वरच्या मजल्यावर सामायिकाला बसलेल्या दादीजींना वास आला. उदबत्तीचा नव्हे, फोडणी करपल्याचाही नव्हे. त्यांनी थोडा वेळ स्वतःला आवरले. मग मात्र अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण व्हायची वाट न पाहता सुनेला मोठ्याने हाक मारली.

प्लगची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचा चेहरा मऊ होऊन आत ओढला गेला होता. वेटोळ्यातल्या तारेचे वेढे एकमेकांना चिकटले होते. सॉकेटच्या मागे जी लाकडी पट्टी वर तुळईपर्यंत जाते, तिला हात लावला तर ती शेकोटीजवळ ठेवलेल्या फळीसारखी गरम लागली. ज्वाळा कोठेच नव्हती. पण तीच पट्टी जेथे संपते, त्या मजल्यावर रात्री घरातली अकरा माणसे झोपतात.

“माझे एक सामायिक त्या मशीनच्या नावावर मांडून ठेवा,” एवढेच दादीजी म्हणाल्या. हे वाक्य पुढे घरात बरेच दिवस फिरत राहिले.

दादाजींनी दुसऱ्या दिवशी मिस्तरींना बोलावले. हे गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात विजेचे काम करून निवृत्त झालेले, परवानाधारक, बोलण्यात सावकाश. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलेच नाही. दुकानातल्या मीटरपासून पडवीपर्यंत भिंतीवर हात फिरवीत ते चालत गेले आणि परत आले. वाटेत लाकडी पट्टीचे झाकण काढून आतील तार दाखवली. पन्नासेक वर्षांपूर्वी घातलेली ॲल्युमिनियमची तार, तिला गीझरच्या वेळी जोडलेला तांब्याचा तुकडा, आणि सांध्यावर गुंडाळलेली, आता पापुद्रे सुटलेली चिकटपट्टी. नंतर त्यांनी बोर्डावरच्या एमसीबीवर बोट ठेवले. त्यावर ३२ अँपिअर असे छापलेले होते.

“हा कोणी बसवला?”

आधीचा सोळाचा वारंवार पडतो म्हणून कोणीतरी केव्हातरी मोठा बसवला होता. नेमके कोणी, हे घरात कोणालाच आठवेना.

“एमसीबी मशीन वाचवायला नसतो, शेटजी. तो भिंतीतली तार वाचवायला असतो. तार सोळाची आणि पहारेकरी बत्तीसचा. तार जळून जाईल, पण हा हलणार नाही.”

चिरंजीव, म्हणजे नातवाचे वडील, व्यवहारी गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की पडवीपर्यंत एक नवी तांब्याची तार ओढावी, नवे सॉकेट बसवावे आणि विषय मिटवावा. त्यांनी हिशेबही मांडला. मशीनच्या कागदावर वॅट आहेत, त्यांना २३० ने भागावे, जे येईल ते सोळाच्या आत बसत असेल तर अडचण कोठे आहे? मिस्तरींनी बिलबुक मागून घेतले आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहू लागले.

दहा नंबरच्या रॉडला, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडला, साधारण १२० अँपिअर करंट लागतो. ठिणगीपाशी व्होल्ट मात्र पंचवीसच्या आसपास असतात. दोहोंचा गुणाकार तीन हजार वॅट. काही वीज मशीनच्या पोटातच उष्णता होऊन जाते, म्हणून मीटरकडून घ्यायचे साडेतीन हजार. त्याला २३० ने भागले की पंधरा अँपिअर. चिरंजीवांनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले.

“थांबा,” मिस्तरी म्हणाले. “हे मशीन वीज सलग घेत नाही, घोट घोट घेते. त्यामुळे कामाला पंधरा लागले, तरी तारेतून बावीस वाहतात. आणि मशीन पूर्ण दोनशेवर चालवले, तर चाळीस.”

हा फरक पॉवर फॅक्टरचा. पाठ्यपुस्तकात त्याचे स्पष्टीकरण त्रिकोण काढून देतात आणि नातवाने तो त्रिकोण परीक्षेत काढलाही होता. दादाजींना त्रिकोण ठाऊक नव्हता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “म्हणजे माल पंधरा किलो आणि बारदानासकट बावीस?”

“अगदी तसेच. बिल मालाचे येते. पण हमालाला बारदानही उचलावे लागते. तार म्हणजे हमाल.”

पुढचा हिशेब दादाजींनी स्वतःच करवून घेतला. भिंतीत २.५ चौरस मिलिमीटरची नवीकोरी तांब्याची तार जरी घातली, तरी मीटरपासून परसापर्यंत जाऊन-येऊन साठ मीटर होतात. एवढ्या लांबीचा रोध ०.४५ ओहमच्या जवळपास. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग करून रोधाने गुणायचे. बावीस गुणिले बावीस, गुणिले ०.४५, दोनशे सतरा-अठरा वॅट. शंभर वॅटचे दोन जुने दिवे भिंतीत पुरून दिवसभर पेटते ठेवावेत, तसे हे झाले. ही उष्णता तीस मीटरांवर पसरली तर भिंत ती सोसून नेईल. पण कोठे एखादा सांधा ढिला असेल तर तो आपली निराळी उष्णता काढतो, आणि तीही एकाच जागी. पडवीतला सांधा तर सागाच्या पट्टीवर बसला होता. शिवाय वाटेतच दहा व्होल्ट गळाले, की शेडमधली ठिणगी दुबळी होते; मग कारागीर करंट वाढवतो आणि भिंत आणखी तापते.

“करंट दुप्पट, तर उष्णता किती?” दादाजींनी विचारले.

“चौपट.”

“चक्रवाढच म्हणायची,” असे म्हणून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. व्याजाचा आणि वर्गाचा हा मेळ गणिताच्या शिक्षकांना रुचणार नाही, पण ज्याने आयुष्यभर उधारीच्या वह्या सांभाळल्या त्याला धोका कळायला तेवढे पुरे होते.

मिस्तरींनी सुचवलेला उपाय असा होता. दुकानाशेजारून थेट परसापर्यंत घराच्या जुन्या तारांशी कसलाही संबंध नसलेली, १० चौरस मिलिमीटरची चार कोअरची तांब्याची आर्मर्ड केबल न्यावी. चौपट जाडी, म्हणून पाव रोध. तेवढ्याच कामाला भिंतीतली उष्णता पन्नासेक वॅटवर येते. जोडणी थ्री फेजची घ्यावी. एका फेजवर मशीन, दुसऱ्यावर ग्राइंडर आणि ड्रिल, तिसऱ्यावर शेडमधले दिवे-पंखे. मशीनचा एमसीबी पडला तरी हातात ग्राइंडर गरगरत असताना अंधार होता कामा नये. मशीनसाठी एमसीबी घ्यायचा तो डी प्रकारचा, कारण सुरू होताना मशीन क्षणभर मोठा घोट घेते आणि घरगुती एमसीबी त्या घोटालाच घाबरून पडतो. मग कोणीतरी वैतागून मोठ्या आकड्याचा बसवतो आणि पुन्हा पडवीची कथा सुरू होते. सॉकेटांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, म्हणजे वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडील. ही यादी जमाखर्चात उतरवली तेव्हा ती मशीनच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट झाली.

चिरंजीव यादीवर फारसे अडले नाहीत. ते अडले मीटरवर.

नव्या जोडणीला अर्ज हवा, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हवा, मंजूर भार हवा, वेगळा दर आणि वेगळे बिल. घराच्या मीटरवर जागा आहे, दिवसातून दोन-तीन तासच काम चालणार, गल्लीत कोणी काय जोडले आहे हे कोण पाहते? असे म्हणणारे चिरंजीव अप्रामाणिक नव्हेत. ते बाजारात बसतात आणि बाजारात ही भाषा हवेतच असते. मिस्तरींनी कायदा सांगितला. २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली, ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरली, तर त्या वापराची दुप्पट दराने आकारणी होते; केव्हापासून वापर सुरू होता हे ठरवता आले नाही, तर मागचे बारा महिने धरतात. चिरंजीव म्हणाले, धरले तर पाहू.

दादाजींनी कायद्यावर काहीच भाष्य केले नाही. त्यांना निराळीच गोष्ट आठवली. १९५८ साली देशात मेट्रिक वजने येऊ लागली, तेव्हा ते शाळकरी पोर होते. शेर, अच्छेर, पावशेर जाऊन किलोग्रॅम आले आणि नव्या वजनांवर सरकारी ठसा मारून घेण्यासाठी वडिलांनी त्यांना पिशवी देऊन पाठवले होते. पिशवीत दुकानातलीच नव्हे, तर घरात डाळ-तांदूळ तोलायची वजनेही होती. घरातली कशाला, असे पोराने विचारले. वडील म्हणाले होते, घरचे वजन दुकानात यायला किती वेळ लागतो? श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे जे अतिचार प्रतिक्रमणात म्हटले जातात, त्यांत खोटी तुला आणि खोटे माप आहे, हे दादाजींना वेगळे सांगावे लागत नाही. ते त्यांच्या रोजच्या उच्चारात आहे.

“मीटर म्हणजे तराजूच ना?” ते एवढेच म्हणाले. “घराचा तराजू घरात राहू दे.”

अर्ज झाला. जोडणी मिळेपर्यंत दिवस गेले आणि नातवाची चिडचिडही झाली. त्या दिवसांत त्याने शेडमधली अडगळ काढली. घरात कोणी उघड बोलत नव्हते, पण आणखी एक प्रश्न त्याच दिवसांत वर आला.

दादाजींनी काही वर्षांपूर्वी एका चातुर्मासात बारा व्रते घेतली. सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने श्रावकाने टाळावीत असे सांगितले आहे, त्यांतले पहिलेच इंगालकर्म, अग्नीच्या आरंभावर चालणारी उपजीविका. भांडी विकणे निराळे आणि घरामागे अग्नी पेटवून त्यावर कमाई करणे निराळे. वेल्डिंगच्या ठिणगीपाशी लोखंड पाण्यासारखे होते. तिला अग्नी म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? चिरंजीवांनी आठवण दिली की याच परसात आजोबांच्या आश्रयाने तांबटांचा भाता वर्षानुवर्षे चालला होता. ते खरेच होते आणि दादाजींना ते लागले. त्यांनी नातवाला मनाई केली नाही. व्रत आपण घेतले आहे, नातवाने नाही, असे त्यांचे म्हणणे. मात्र शेडच्या कमाईचा एक पैसाही सामाईक खात्यात येऊ नये, त्याची वही वेगळी असावी, असे त्यांनी ठरवले. चिरंजीवांना हा कीस वाटला. एका छपराखाली, एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांच्या पैशात अशी रेघ ओढता येते का, हा त्यांचा प्रश्न अगदीच वावगा नाही. त्या घरात तो अजून सुटलेला नाही.

मिस्तरी आणि दादाजी यांचे खरे भांडण जुंपले ते बोर्डाच्या उंचीवरून.

गोदाकाठच्या माणसाला घर बांधताना आणि घरात काहीही बसवताना नदीला विचारावे लागते. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात. २००८ च्या सप्टेंबरात पाणी दुकानात आले, २०१६ च्या ऑगस्टात पुन्हा आले. परसाच्या भिंतीवर २०१६ ची मातकट रेघ अजून दिसते. मिस्तरींनी त्या रेघेवर वीतभर जागा सोडून बोर्डाची खूण केली. दादाजींनी त्यांना पडवीतल्या दगडी खांबापाशी नेले. तेथे टाकीने मारलेली एक आडवी खूण आहे, १९६९ च्या महापुराची. ती २०१६ च्या रेघेहून बरीच वर आहे.

“तेवढ्या उंचीवर बोर्ड लावला तर स्विच पाडायला स्टूल लागेल,” मिस्तरी म्हणाले. “माणूस चिकटला तर स्टूल शोधत बसायचे का?”

“आणि पाणी आले तर?”

दोघांचेही बरोबर होते. पुराच्या पाण्यात बुडालेला चालू बोर्ड जितका घातक, तितकाच हाताला न पोहोचणारा स्विच. दोन दिवस यावर काथ्याकूट झाला. अखेर मेन स्विच आणि सारे एमसीबी पडवीत नेले. तिचे जोते उंच असल्यामुळे १९६९ च्या खुणेच्या वरही तेथे हात सहज पोहोचतो. शेडमध्ये मशीनच्या उजव्या हाताला फक्त एक तांबडे बटण ठेवले, तळव्याने दाबले की शेडचा सगळा पुरवठा तुटावा असे. सॉकेटेही छातीच्या उंचीवर घेतली. गंगापूरचे पाणी सुटल्याची बातमी आली की प्रथम पडवीतला मेन स्विच पाडायचा, मग माल चढवायचा, हा क्रम भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

अर्थिंगसाठी परसात दोन खड्डे घेतले. जुन्या नाशकात खणणे हे एक प्रकरणच असते. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी मातीच्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा थरांखाली थर निघाले होते. घरगुती खड्ड्यातही कमी-अधिक तेच होते. दोन हातांवर खापऱ्या लागल्या, त्याखाली राखेचा चांगला वीतभर काळा थर. बहुधा तांबटांच्या भात्याचीच राख असावी. मजुराने त्यातून हिरवा पडलेला तांब्याचा एक कातरलेला तुकडा काढून ओट्यावर ठेवला. खड्ड्यात अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ भरले. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग दुबळे पडते, म्हणून वर झाकणाची कुंडी बांधून तीत अधूनमधून पाणी घालायचे. हे काम दादीजींनी आपणहून घेतले, पण पाणी गाळूनच घालतात.

याच ठिकाणी मिस्तरींनी नातवाला एका गोष्टीबद्दल रागे भरले. पहिल्या दिवशी त्याने मशीनचा परतीचा क्लॅम्प, ज्याला कारागीर सवयीने अर्थिंगच म्हणतात, शेडच्या लोखंडी खांबाला लावला होता आणि काम चालले होते चार हातांवरच्या टेबलावर. शंभर-सव्वाशे अँपिअर करंट परत येताना वाट मिळेल तेथून येतो. वाटेत घराच्या अर्थिंगची बारीक तार सापडली, तर तिच्यातूनही जातो आणि ती आतल्या आत वितळते. दिवे लागतात, फ्रीज चालतो, काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. फक्त त्या दिवसापासून घर अर्थिंगवाचून असते. “क्लॅम्प ज्या तुकड्यावर काम त्याच तुकड्याला, नाहीतर त्याच्या टेबलाला. नळाला नाही, खांबाला नाही, गेटला तर मुळीच नाही.” नातवाने खाली मान घालून ऐकले. पदविकेच्या तीन वर्षांत ही गोष्ट एवढ्या रागाने त्याला कोणी सांगितली नव्हती.

दादीजींची एकच अट होती आणि ती तारांबद्दल नव्हती. आषाढ लागला की दिव्याभोवती पाखरे जमतात; वेल्डिंगचा लखलखाट तर शंभर दिव्यांना भारी. सूर्यास्तानंतर ठिणगी पेटली तर किती पतंग, किती चिलटे त्यात पडतील? म्हणून चौविहाराच्या वेळेआधी मशीन बंद, आणि चातुर्मासात आभाळ भरून अंधारले तर त्याहून आधी. नातवाला वाटले होते की मोठी मागणी आली तर रात्री काम करून माल देता येईल. तो रस्ता बंद झाला. एका केटरिंगवाल्याची पहिली मागणी याच कारणाने हातची गेली, हे त्याने घरात बरेच दिवस सांगितले नाही.

नव्या तारेवर पहिली ठिणगी पेटली तेव्हा दादाजी पडवीत खुर्ची टाकून बसले होते. ठिणगीकडे पाहायचे नाही, डोळे चुरचुरतात, अशी ताकीद सर्वांना होती. म्हणून ते माजघरातल्या दिव्याकडे पाहत होते. दिवा हलला नाही. अर्ध्या तासाने ते उठले, हाताची मागची बाजू केबलला लावून पाहिली, मग बोर्डाच्या पेटीला लावून पाहिली. आजारी मुलाचा ताप पाहावा तशी. पुन्हा येऊन बसले. दादीजी वर सामायिकात होत्या आणि या वेळी त्यांनी अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण केली.

महिन्याने नव्या मीटरचे पहिले बिल आले. दादाजींनी पातळ तांबडी वही काढली, पहिल्या पानावर स्वस्तिक रेखाटले आणि खर्चाच्या बाजूला केबल, स्विच, कोळसा, मीठ, मिस्तरींची मजुरी आणि बिलाची रक्कम उतरवली. जमेची बाजू कोरी राहिली. नातवाने बनवलेला पहिला स्टँड विक्रीचा नव्हताच; आयंबिलशाळेत उकळलेल्या पाण्याच्या मोठ्या भांड्याखाली ठेवायला तो दिला होता. नेण्यापूर्वी ओट्यावर उभा करून पाहिला तर तो डुगडुगू लागला. एक पाय दोन सूत आखूड भरला होता. नातू ग्राइंडर आणायला धावला. तोवर दादाजींनी खिशातून बिलबुकाचा तो घडी घातलेला कागद काढला, आणखी एक घडी घातली आणि पायाखाली सरकवून पाहिला.